सगळ्यांची होडी

भातसा धरणाच्या पाण्याकाठी, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मी 6 वर्षं शिक्षक होतो. तिथं जायचे दोन मार्ग. रस्त्याने डोंगराला वळसा घालून दीड तास, नाहीतर अलीकडच्या काठाला मोटरसायकल लावून होडीने वीस-पंचवीस मिनिटं. पाड्यातल्या 22 घरांनी वर्गणी काढून ती होडी घेतली होती. मुरबाडकडे बारवीच्या पाण्याकाठी एकाने विकायला काढलेली, फायबरची, तळाला दोन ठिगळं असलेली.

होडी आली त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी कधीतरी बोलून गेलो होतो की माझे आजोबा श्रीवर्धनचे, गलबतावर खलाशी होते, मंगळूरहून कौलं भरून मुंबईला आणायचे. "गुरुजी, तुमच्या रक्तात हाय ते. होडीला काय काय लागंल, तुम्हीच लिहून काढा."

मी वहीचं पान भरून यादी काढली. आठ माणसं बसतात म्हणून लाइफ जॅकेट 8, त्यातली 3 लहान मापाची, कारण मोठं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. जादा वल्हं एक. पाणी उपसायला डबा. शिट्टी, टॉर्च. नांगर, आणि त्याला भरपूर लांब दोर. या दोरावर बराच वाद झाला. पाणी 4 मीटर खोल, मग 20 मीटर दोर कशाला? मी दादांचं सांगणं पुढे केलं. शांत पाण्यात खोलीच्या 3 पट दोर सोडावा, वाऱ्यात 5 ते 7 पट. दोर आखूड असला की नांगर तळाला आडवा पडून रुतत नाही, वर उचलला जाऊन सुटतो. दोर मंजूर झाला. जॅकेटं मात्र 4 वर आली. "पोहायला कोणाला येत नाय?" या प्रश्नावर सगळे हसले, आणि मीही हसलो. ते हसणं पुढे बरेच दिवस मला आठवत राहिलं.

इंजिनाला पैसे नव्हते, म्हणून शिडाची कल्पना निघाली. ती माझी. मुरबाडच्या बाजारातून निळी ताडपत्री आणली, बांबूची डोलकाठी उभी केली. सपाट तळाची होडी वाऱ्यासमोर जाऊ शकत नाही, वाऱ्याबरोबरच जाते. पण दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो बरोबर पाड्याच्या दिशेने. सकाळी वल्हवत यायचं, दुपारी शिडावर परतायचं. पोरांना मी शब्द शिकवले. सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आलं, नाखवा फारसी 'नाखुदा'वरून, तुफानही तिकडचंच. शीड आणि डोलकाठी इथल्या. आणि एक नियम शिकवला. शिडाची दोरी कधी बांधायची नाही, हातात धरायची. झोत आला की हात सैल, शीड फडफडतं, होडी सरळ होते.

धरणाच्या पाण्याचं एक वेगळंच असतं. समुद्राला भरती-ओहोटी रोजची, इथली वर्षातून एकदा. ऑक्टोबरात जिथं होडी बांधतो तिथून मार्चमध्ये पाणी पार खाली जातं. दर आठवड्याला खुंटा पुढे न्यावा लागतो, नाहीतर सकाळी होडी चिखलात. उन्हाळ्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. पाण्याच्या जरा खाली असलेला बुंधा सगळ्यात वाईट. कोणता बुंधा कुठे, हे पाड्यातल्या बायकांना जास्त पाठ होतं. त्या पाण्यात कोणाचं शेत गेलं तेही त्या सांगायच्या. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं भातसातून जातं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा एक म्हातारी एवढंच म्हणाली, "मग आमची विहीर मे महिन्यात का आटते?"

हळूहळू होडी सगळ्यांची झाली, म्हणजे कोणाचीच राहिली नाही. डबा कोणीतरी कोंबड्यांना पाणी ठेवायला नेला. एक जॅकेट लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या उशाशी गेलं, दोन पोरांनी नदीवर नेली. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली जात होती तेव्हाही दोंदे तिच्यासोबत होते. एकट्या माणसाला माहीत असतं की न ठेवलेली वस्तू दुसरं कोणी ठेवणार नाही. आमच्याकडे प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने ठेवली असेल.

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा उघडायची होती, म्हणून मी पाठ्यपुस्तकांची बंडलं घेऊन काठावर आलो. सोबत पाड्यातला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, आणि माहेराहून परतणारी एक बाई, कडेवर तीन वर्षांची मुलगी. होडीत जॅकेट एकच होतं, तेही मोठं. मी निघू नको म्हणायला हवं होतं. निघालो.

वारा पश्चिमेचा, छान. अर्ध्या वाटेत हात भरून आला. पुस्तकांवर प्लास्टिक नीट करायचं होतं, म्हणून मी शिडाची दोरी फळीला दोन वेढे देऊन बांधली. मीच. मग वारा अचानक पडला. पोरगा घाटाकडे बघून म्हणाला, "गुरुजी, काळं आलंय." मी वर बघेपर्यंत उलट्या दिशेने झोत आला. ताडपत्री डोलकाठीवर चिकटली, होडी गर्रकन आडवी झाली आणि एका बाजूने पाणी आत घुसलं. ओल्या दोरीची गाठ सुटेना. पोराने कमरेचा कोयता काढून एका घावात दोरी तोडली. होडी सरळ झाली, पण पाणी पोटरीपर्यंत. डबा नाही. मी डबा ओरडतोय आणि डबा कोंबड्यांपाशी. त्या बाईने मुलीला दातात पदर धरावा तसं एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या जेवणाच्या डब्याने पाणी उपसायला लागली. आम्ही वल्हवत किनारा गाठला. पुस्तकं भिजली. माणसं वाचली.

संध्याकाळी समाजमंदिरात सगळे जमले. कोणी मला बोल लावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी त्यांना लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस सांगितली. बुखारी शरीफमध्ये आहे. काही लोकांनी एक जहाज वाटून घेतलं, काहींना वरचा मजला आला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावं लागे. ते म्हणाले, वरच्यांना त्रास नको, आपल्याच भागात एक भोक पाडू. वरच्यांनी पाडू दिलं तर सगळे बुडतील, हात धरला तर सगळे वाचतील. ही गोष्ट ऐकताना मी नेहमी स्वतःला वरच्या मजल्यावर धरत आलो होतो, भोक पाडणारे दुसरेच कोणी. त्या दिवशी भोक मी पाडलं होतं, नियम शिकवणाऱ्यानेच. हे मी सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग ती बाई म्हणाली, "गुरुजी, गोष्ट राहू द्या. डबा होडीला बांधून ठेवा."

दुसऱ्याच दिवशी डबा दोन हात दोरीने होडीला बांधला. उरलेल्या जॅकेटांसाठी पुन्हा वर्गणी निघाली, यावेळी कोणी हसलं नाही. आठही जॅकेटं शाळेच्या खुंट्यांवर राहायला लागली. शीड निम्म्याने कापलं, आणि मे-जूनमध्ये दुपारनंतर ते चढवायचंच नाही असं ठरलं. होडी नेणाऱ्याने आधी एका वहीत लिहायचं, काय आहे, काय नाही, काय तुटलं.

माझी बदली होऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात पाड्यावर गेलो होतो. वही तीच नव्हती, चौथी की पाचवी होती. शेवटची नोंद एका मुलीच्या अक्षरात होती. जॅकेट 8. वल्ही 3. दोर आहे. डबा आहे. खाली कोणाच्या तरी मोठ्या हाताने लिहिलं होतं, उजवीकडचं ठिगळ बघा, ओल येते.

मी वाकून बघितलं. येत होती.