साडेतीन

नागपूरच्या माणसाकडं तापमानाचा विषय काढला की तो थेट मे महिन्यात जातो. सत्तेचाळीस कसं सोसलं, डांबर कसं चपलेला चिकटलं, वगैरे. आमची सगळी फुशारकी उन्हाळ्याची. मे 2024 मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं सांगेपर्यंत अर्ध्या शहरानं स्क्रीनशॉट पाठवून दिले होते.

मला मात्र या शहराचा एकच आकडा पाठ आहे आणि तो थंडीचा आहे. 29 डिसेंबर 2018. सोनेगावला विमानतळाजवळच्या वेधशाळेत त्या पहाटे 3.5 अंशांची नोंद झाली. नागपुरातलं तोवरचं सगळ्यात कमी तापमान. आधीचा विक्रम 3.9 चा होता, 7 जानेवारी 1937 चा. जवळपास ब्याऐंशी वर्षं टिकला आणि एका रात्रीत गेला. (साडेतीन शहाण्यांपैकी एक, देवाजीपंत चोरघडे, नागपूरकर भोसल्यांचेच. त्यामुळे साडेतीनशी आमचं जुनं नातं आहे म्हणायचं.)

ग्रुपवर झीरो माइलच्या घोड्यांवर बर्फ पडल्याचे एडिट केलेले फोटो फिरत होते. खरा बर्फ इथं पडणं अवघडच. बर्फ पडायला ढग लागतात आणि आमची थंडी ढग नसल्यामुळे पडते. तिकडं हिमालयात बर्फ पडून गेला की उत्तरेचे कोरडे वारे विदर्भापर्यंत उतरतात. जवळ समुद्र नाही. आकाश निरभ्र, हवा स्थिर. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत बसते. बर्फाचा प्रदेश ज्यांच्या घरच्या गोष्टींत आहे अशी माणसं हिवाळ्यात इथं भेटतात ती स्वेटर विकणारी. मी ज्या तिबेटी मावशीकडून मफलर घेतला, ती गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीत जन्मलेली. माल लुधियानाचा. बर्फ तिनंही पाहिलेला नव्हता.

त्या आठवड्यात बाबा एका मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती होते. पेशंटजवळ एकच माणूस, असा नियम. आई आत, मी बाहेर आवारात. माझ्यासारखे तिथं शे-दीडशे जण तरी असतील. बालाघाटचे, गोंदियाचे, चंद्रपूरचे. रात्री दहानंतर सगळे भिंतीच्या कडेनं ओळीनं आडवे व्हायचे. पहिल्या रात्री मी नुसती चादर घेऊन उभा होतो, तर नरखेडकडचे एक काका म्हणाले, "उभा काऊन हायेस बापू? बस नं इथं." त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, शर्टाच्या आत पेपर घालायचा, पुढून आणि मागून. दोन, अंगावर काय घेतो त्यापेक्षा खाली काय अंथरतो ते महत्त्वाचं. मेडिकल स्टोअरबाहेर औषधांची रिकामी खोकी पडलेली असतात, ती फाडून त्यांचे दोन थर. त्याच खोक्यांची आणि संत्र्यांच्या मोडक्या पेट्यांची शेकोटी. चौकीदार आधी ओरडायला यायचा, मग हात शेकत बसायचा.

नंतर मी वाचलं की वेधशाळेचा थर्मामीटर पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. अशा निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी भरतात. म्हणजे साडेतीन हा उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवरचा आकडा. आम्ही झोपलेलो होतो.

29 च्या पहाटे कोणीच झोपलं नाही. पाचच्या सुमाराला लाकूड संपलं. एका म्हातारीनं तिच्या नातवाला माझ्या आणि काकांच्या मधे सरकवलं, काही न विचारता. साडेसातला काकांना गावाहून पोराचा फोन आला. नाल्याकाठच्या वावरातली तूर उकडल्यासारखी दिसून राहिली, म्हणे. थंड हवा जड असते, सखल जागी साचते. पानावरचं दव गोठलं की झाड आतून फुटतं आणि ऊन लागलं की काळं पडतं. त्याला आमच्याकडं दहिवर म्हणतात. नागपुरात ज्याचे फोटो बनवले जात होते, तो बर्फ त्यांच्या शेंगांवर पडला होता. काका म्हणाले, "जेवढी गेली तेवढी गेली." मग आत जाऊन बायकोला चहा देऊन आले. तिला त्यांनी सांगितलं नाही.

महाराष्ट्राला नागपूरचा हिवाळा ठाऊक आहे तो अधिवेशनामुळे. 1953 च्या नागपूर कराराचा तो वारसा. एरवी डिसेंबरात मोर्चे येतात, रस्त्याकडेला मंडप पडतात आणि थंडीत झोपलेली माणसं निदान टीव्हीवर दिसतात. 2018 साली नेमकं उलटं झालं. पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं. 6 जुलैला इतका पाऊस झाला की विधान भवनाची वीज गेली आणि कामकाज थांबलं. हिवाळी अधिवेशन मुंबईत नोव्हेंबरातच उरकलं. विक्रमी थंडीच्या वेळी सरकार इथं नव्हतं.

हे शहर बांधलंच आहे उन्हाळ्यासाठी. उष्माघाताचा कृती आराखडा आहे, चौकाचौकात पाणपोया लागतात. घराघरांत खिडकीला कूलर ठोकलेला, तो हिवाळ्यातही काढत नाहीत, आणि त्याच्या गवताच्या जाळीतून गार हवा थेट पलंगावर येते. आमच्या खोलीत आम्ही तिथं गोणपाट लावायचो. थंडीचा आराखडा म्हणजे एवढाच.

काकांच्या बायकोला 31 तारखेला सुट्टी झाली. निघताना त्यांनी आपला पुठ्ठा माझ्याकडं सरकवला. "ठेव. कामी येईल." बाबांना घरी सोडलं 8 जानेवारीला, तोवर मी चार थरांवर झोपलो.