थरथर नेमकी कधी?

पावसाळा संपला आणि आमच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरू लागलं. आईला घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जायचं होतं, त्यामुळे जिवाला घोर लागला. शेजारी म्हणाले, अलाइनमेंट करा. मेव्हणे म्हणाले, टायर बदला. आमच्या मिस्त्रींनी मात्र एकच विचारलं, ‘‘यावाग नडगतैति, सर?’’

कधी थरथरते? निम्मं निदान या प्रश्नातच आहे. ठराविक वेगालाच थरथर होत असेल, तर बहुधा चाकाचा बॅलन्स गेलेला असतो. ब्रेक दाबल्यावरच हादरे बसले, तर ब्रेकची डिस्क पाहावी. हळू चालतानाही चाक डुललं, तर टायर फुगलेला किंवा रिम वाकलेली असू शकते. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. थरथरीचं कारण सहसा ते नसतं.

आमची थरथर ८० ते १०० च्या वेगात. रिमच्या आत वाळलेला चिखल निघाला. तो खरवडून बॅलन्सिंग झालं. तरीही मिस्त्रींनी जॅक लावला, चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. टाय रॉडचा एंड सैल! सैल सांध्यानं थरथर वाढते. आणि तो निखळला, तर स्टिअरिंग हातात राहतं, चाक मात्र ऐकत नाही. एंड बदलला, अलाइनमेंट त्यानंतर.

वर्गात एखादं पोर अचानक मागं पडलं, की आम्ही लगेच क्लास सुचवतो. आता मी पालकांना आधी विचारतो, ‘‘यावाग?’’