आइस्क्रीमचा तास : काही टिपणे

१.
साहित्य : एक कप दूध, दोन चमचे साखर, झिपच्या दोन पिशव्या, अर्धा किलो बर्फ, मूठभर खडे मीठ, जुना टॉवेल. दूध-साखर लहान पिशवीत, बर्फ-मीठ मोठीत. लहान पिशवी मोठीत घालून दहा मिनिटं हलवायची. टॉवेल हवाच, उघडी बोटं भाजल्यासारखी दुखतात.

२.
एका गटाला मीठ देऊ नये. त्यांचं दूध गार होतं, गोठत नाही. शेजारच्या गटाचं गोठतं. मग दोन्ही गट एकमेकांच्या पिशव्या चाचपतात.

३.
"सर, बर्फ तर वितळतोय. मग जास्त गार कसं?"
तासातला सर्वांत चांगला प्रश्न. लगेच उत्तर देऊ नये.

४.
एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती दुधातून येते, आणि पिशवी धरणाऱ्या हातांतूनही.

५.
मीठ-बर्फ उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ वर असतो. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही.

६.
१८४३, अमेरिका : नॅन्सी जॉन्सन यांना हाताने फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचं पेटंट मिळालं. आपल्याकडचा लाकडी पॉट त्याच कुळातला. मुलांना तो दाखवावा, हँडल फिरवू द्यावं. गोठत आलं की हँडल जड होतं, ते दंडाला कळतं.

७.
हलवलं नाही तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात, दाताखाली करकरतात. कुल्फी मात्र कोणी ढवळत बसत नाही. तिचं दूध आधीच आटवलेलं असतं.

८.
१९६३, टांगानिका. शाळेत मुलं आइस्क्रीम करत. फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून एरास्टो म्पेंबाने उकळतं दूध निवू न देता तसंच ठेवलं. ते इतरांच्या गार दुधाआधी गोठलं. शिक्षक म्हणाले, तुझा गोंधळ झालाय. पुढे त्याने पाहुणे आलेल्या प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न यांना तेच विचारलं. मुलं हसली. ऑस्बोर्न यांनी प्रयोग करून पाहायला लावला. १९६९मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

९.
उत्तर आधी फळ्यावर लिहू नये.

१०.
खारं पाणी कुंडीत ओतू नये. झाडं मरतात.

११.
"मिठाऐवजी साखर टाकली तर?"
पुढच्या तासाला बर्फ, साखर आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर.