रस्ता सांगतो देशाचे नाव

अँटवर्पच्या हिरेबाजारामुळे अनेक जैन व्यापारी कुटुंबांना बेल्जियम अपरिचित नाही. मात्र त्या शहरातून उत्तरेकडे निघालेला प्रवासी नेदरलँड्समध्ये नेमका केव्हा शिरतो, हे त्याच्या सहसा ध्यानातही येत नाही. सीमेवर तपासणीनाके नाहीत, चलन दोन्हीकडे युरो, आणि उत्तर बेल्जियमची भाषाही डच. सपाट भूमी, विटांची घरे आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने धावणारी वाहनेही तीच. अशा वेळी गूगलच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’मधील एखादे निनावी दृश्य समोर आले, तर ते कोणत्या देशाचे हे कसे ओळखावे?

पहिली खूण वाहनांच्या पाटीची. दृश्यात क्रमांक पुसट केलेला असतो. रंग मात्र लपत नाही. नेदरलँड्सची पाटी पिवळी व अक्षरे काळी. बेल्जियमची पाटी पांढरी व अक्षरे लाल. तथापि सीमेलगत शेजारच्या देशाची गाडी उभी असणे नित्याचे आहे. म्हणून जाणकार एका खुणेवर विसंबत नाहीत. जे जागचे हलत नाही त्याकडे पाहतात. गल्लीत काँक्रीटचे खांब आणि डोक्यावर विजेच्या तारा दिसल्या, तर बहुधा बेल्जियम. नेदरलँड्समध्ये वस्तीतील वीजवाहिन्या जमिनीखालून नेलेल्या असतात. तेथील सायकलमार्गही अनेकदा तांबूस डांबराचे असतात.

सर्वांत बोलकी साक्ष घरांची. नेदरलँड्समध्ये एकाच घाटाच्या, एकाच उंचीच्या घरांची लांब रांग दिसते. बेल्जियममध्ये शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांची उंची, विटांचा रंग आणि खिडक्यांची ठेवण सहसा जुळत नाही. या भेदामागे कायद्याचा इतिहास आहे. बेल्जियमने 1889 च्या कायद्याने कामगाराला स्वतःचे घर घेण्यास उत्तेजन दिले आणि त्यासाठी सरकारी बचत बँकेतून अल्प व्याजाचे कर्ज उपलब्ध केले. ज्याने त्याने आपापल्या ऐपतीनुसार घर उभारले. नेदरलँड्सच्या 1901 च्या गृहनिर्माण कायद्याने नगररचनेची जबाबदारी नगरपालिकांवर सोपवली आणि गृहनिर्माण संस्थांना सरकारी साहाय्य दिले. त्यातून आखीव वसाहती उभ्या राहिल्या. कर्ज कोणाला द्यायचे, याविषयीचा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा निर्णय आजही भिंतींवर वाचता येतो.

या सर्व खुणांची खरी कसोटी लागते ती बार्ले या गावी. हे गाव नेदरलँड्सच्या हद्दीत वसले असले, तरी त्यात बेल्जियमच्या भूमीचे 22 तुकडे विखुरलेले आहेत. मध्ययुगात ब्रेडाचे सरदार आणि ब्राबांटचे ड्यूक यांच्यात झालेल्या जमिनींच्या वाटपाचा तो वारसा. सीमा घरांतून, दुकानांतून, उपाहारगृहांतून जाते. येथे वाहनाची पाटी वा विटांचा रंग पुरेसा ठरत नाही. म्हणून फरसबंदीवर पांढऱ्या फुल्या आखून त्यांच्या एका बाजूस ‘बी’ आणि दुसऱ्या बाजूस ‘एनएल’ ही अक्षरे लिहिली आहेत, आणि घरक्रमांकाच्या पाट्यांवर त्या त्या देशाच्या ध्वजाचे रंग दिले आहेत. सीमा घराच्या मधून जात असेल, तर पुढचे दार ज्या देशात, त्या देशाचे घर, असा रूढ नियम आहे.

ही गंमत व्यापाऱ्याला कधी महागही पडते. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे बेल्जियमने अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद केली. नेदरलँड्सने त्या वेळी तसे केले नव्हते. बार्लेतील एका कापड दुकानाच्या मधूनच सीमा जात होती. त्याचा बेल्जियममधील भाग पट्टी लावून बंद करण्यात आला आणि उरलेल्या भागात विक्री चालू राहिली. छप्पर एक, मालही एकच. पण कोणता कपडा विकता येईल, हे तो कोणत्या देशातील मांडणीवर ठेवला आहे यावर ठरत होते.