बाँड कोणाचा? एका हेराचा आणि त्याच्याविषयीच्या तक्रारींचा इतिहास

(१) ‘नो टाइम टू डाय’च्या अखेरीस जेम्स बाँड एका बेटावर एकटा उभा असतो, आकाशातून क्षेपणास्त्रे येतात आणि तो मरतो. १९६२ पासून ‘इऑन’ या निर्मितीसंस्थेने काढलेल्या २४ चित्रपटांत जे घडले नव्हते, ते २०२१ मध्ये २५व्या चित्रपटात घडले. चाहत्यांमध्ये तत्काळ दोन तट पडले. एका तटाला वाटले, हा माणूस अखेर माणसासारखा मेला. दुसऱ्याला वाटले, आपली फसवणूक झाली. बाँड मरत नाही, हा तर अलिखित करारच होता.

(२) महाराष्ट्रातील चाहत्याच्या वाट्याला हे दुःख उसने आले. भारतात चित्रपट ३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला, पण महासाथीमुळे राज्यातील चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरपर्यंत बंद होती. मधल्या तीन आठवड्यांत बाँडच्या मरणाची वार्ता पडद्याआधी फोनवर येऊन थडकली. शोक करावा, तर चित्रपट पाहिलेला नाही. पाहावा, तर शेवट ठाऊक झालेला. कागदावर जन्मलेल्या माणसाच्या मरणाने एवढे व्याकूळ का व्हावे, या प्रश्नाला मात्र २०२१ पेक्षा बराच जुना इतिहास आहे.

(३) डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले. संतप्त वाचकांची पत्रे आली. लंडनमधील तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा मात्र मिळत नाही. पुराव्यापलीकडचे नाही ते एवढेच की १९०१ मध्ये होम्सची जुनी हकिगत म्हणून एक नवी कादंबरी क्रमशः छापली गेली आणि १९०३ मध्ये डॉयलनी त्याला जिवंत परत आणले. वाचकांचा हट्ट आणि प्रकाशकांचे मानधन यांनी मिळून लेखकाचा निर्णय फिरवला.

(४) इयान फ्लेमिंग यांची पहिली बाँडकथा ‘कॅसिनो रॉयल’ १९५३ साली आली. चारच वर्षांनी ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’च्या शेवटच्या पानावर त्यांनी बाँडला विषारी पात्याचा वार होऊन कोसळताना दाखवले आणि पुस्तक तिथेच संपवले. तो वाचला की मेला, हे वाचकाला कळेना. १९५८ मध्ये ‘डॉक्टर नो’ आले, तेव्हा त्यात बाँड बरा होऊन कामावर रुजू झाला होता. म्हणजे नायकाच्या मरणाची हूल देऊन वाचकांचा जीव टांगणीला लावण्याचा खेळ चित्रपटांपूर्वीच खेळून झाला होता.

(५) ही दोन पुस्तके प्रसिद्ध होण्यापूर्वी एक वेगळी तक्रार फ्लेमिंग यांच्याकडे पोहोचली होती. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या एका शस्त्रतज्ज्ञ वाचकाने त्यांना पत्र लिहिले. कथा आवडतात, पण बाँडच्या हाती दिलेले बेरेटा पिस्तूल अगदीच नाजूक आहे, ते बायकांचे हत्यार आहे, असा त्याचा आक्षेप होता. हातातले शस्त्र खोटे वाटले की सारा नायकच खोटा वाटतो, ही त्यामागची चाहत्याची व्यथा होती.

(६) फ्लेमिंग यांनी त्या पत्राला उत्तर दिले, सल्ला मागितला आणि पत्रव्यवहार चालू ठेवला. ‘डॉक्टर नो’मध्ये ऐन वेळी अडकलेले बेरेटा वरिष्ठ काढून घेतात आणि बाँडला वॉल्थर पीपीके मिळते. ते देण्याचे काम ज्या शस्त्राधिकाऱ्याकडे आहे, त्याचे नाव मेजर बूथरॉइड! पुढे १९६२ च्या चित्रपटात हा प्रसंग आला आणि त्याच अधिकाऱ्याचा पडद्यावर ‘क्यू’ झाला. आजचा चाहता ज्या पिस्तुलाला आणि ज्या ‘क्यू’ला अस्सल बाँडची खूण समजतो, त्या दोन्हींच्या मुळाशी एका नाराज वाचकाचे पत्र आहे.

(७) अस्सल बाँडची दुसरी खूण म्हणजे शॉन कॉनरी. हा एडिंबराच्या कष्टकरी घरातला अभिनेता आपल्या उमरावी वळणाच्या हेराला शोभेल का, अशी शंका प्रथम खुद्द फ्लेमिंग यांनाच होती. चित्रपटानंतर ती मावळली. १९६४ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या कादंबरीत त्यांनी बाँडच्या वडिलांना स्कॉटिश ठरवले. अभिनेत्याला पात्राच्या मापाने कापण्याऐवजी लेखकाने पात्राचे कुळच अभिनेत्याशी जुळते केले.

(८) पण एकदा मूर्ती घडली की तिला हात लावणे कठीण होते. १९६९ मध्ये जॉर्ज लॅझेन्बी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल कॉनरींच्या जागी आला. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड लग्न करतो आणि त्याच दिवशी पत्नीचे प्रेत मांडीवर घेऊन बसतो. ‘हा आमचा बाँड नव्हे’ असे अनेकांना वाटले. लॅझेन्बी एका चित्रपटानंतर बाजूला झाला आणि १९७१ मध्ये कॉनरी परतले. आज हाच चित्रपट मालिकेतील उत्कृष्ट चित्रपटांत गणला जातो. ‘नो टाइम टू डाय’ने तर बाँडच्या मरणानंतर लुई आर्मस्ट्राँग यांचे त्यातलेच गाणे पुन्हा वाजवले. एका पिढीने नाकारलेले दुःख दुसऱ्या पिढीचा वारसा झाले.

(९) ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनियल क्रेग याचे नाव जाहीर झाले, तेव्हाची ओरड आणखी कर्कश होती. केस सोनेरी, आणि नौदलाच्या बोटीतून येताना अंगात जीवरक्षक जाकीट! वृत्तपत्रांनी टर उडवली. बहिष्काराची हाक देणारे संकेतस्थळ निघाले. वर्षभराने ‘कॅसिनो रॉयल’ आला, मालिकेतील तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला आणि क्रेगला बाफ्टाचे नामांकन मिळाले. २०२१ मध्ये ज्याच्या मरणावर चाहते रडले, तो हाच क्रेग. बहिष्कार आणि अश्रू यांच्यामध्ये उणीपुरी १६ वर्षे.

(१०) भारतातील तक्रारीचा रोख मात्र २०१५ मध्ये निर्मात्यांकडे नव्हताच. ‘स्पेक्टर’मधील चुंबनदृश्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या प्रमाणन मंडळाने निम्म्याने कापली. प्रेक्षकांनी त्यावर मोर्चा काढला नाही. त्यांनी ‘संस्कारी जेम्स बाँड’ जन्माला घातला. बाँड नायिकेला नमस्कार करतो, बाँड आईला विचारून घरी येतो, अशा विनोदांचा काही दिवस पाऊस पडला. आपल्याला न विचारता आपल्या बाँडला कोणी हात लावला, हीच ती जुनी वेदना. फक्त तिने हसण्याचा मार्ग निवडला.

(११) या साऱ्या तक्रारी एकत्र ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. चाहता ज्या ‘मूळ’ बाँडचे रक्षण करायला धावतो, तो मूळ बाँड कधी अस्तित्वातच नव्हता. पिस्तूल एका वाचकाचे, कुळ एका नटाचे, गाणे एका उपेक्षित चित्रपटाचे. आजची रूढी ही बहुतेक वेळा कालची कुरकुर असते. म्हणून चाहत्याचा संताप हास्यास्पद ठरत नाही. तो चुकत असेल, पण हे पात्र अंशतः आपल्याही हातांनी घडले आहे, ही त्याची जाणीव इतिहासाच्या कसोटीवर खरी उतरते.

(१२) खरा पेच आता पुढे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्बरा ब्रॉकली आणि मायकेल विल्सन यांनी या मालिकेचे सर्जनशील नियंत्रण ‘अ‍ॅमेझॉन एमजीएम’कडे सोपवले. साठहून अधिक वर्षे ते एकाच कुटुंबाच्या हाती राहिले होते. त्याच दिवशी जेफ बेझोस यांनी समाजमाध्यमावर जाहीर प्रश्न टाकला: पुढचा बाँड कोण असावा? उत्तरे हजारोंनी आली. पुढे जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी विलन्यूव्ह यांचे नाव जाहीर झाले आणि जुन्या शंका नव्या जोमाने सुरू झाल्या.

(१३) १९५६ मध्ये पत्र एक होते आणि ते वाचणाराही एक. त्याने आक्षेप ऐकला, त्यातला खरेपणा ओळखला आणि आक्षेप घेणाऱ्याला कथेत घर दिले. आज आवाज असंख्य आहेत. त्यांची मोजदाद करणारी यंत्रेही आहेत. मोजदाद म्हणजे वाचन नव्हे. किती जणांना बेरेटा आवडत नाही, हे यंत्र सांगू शकेल; ती का खोटी वाटते, हे जाणून घेण्यासाठी उलट टपाली पत्र लिहिणारा माणूस लागतो. नवा बाँड गोरा असो, सावळा असो, विशीतला असो की पन्नाशीतला, पहिल्या दिवशी ‘हा आमचा नव्हे’ असे कोणीतरी म्हणणारच. त्या माणसाला उत्तर कोण देणार, यावर बाँडचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.

(समाप्त)