दोन संत्री

जपान हा बेटांचा देश. त्याच्या चार मोठ्या बेटांपैकी शिकोकू हे सर्वांत लहान. एका बाजूस उंच डोंगर आणि दुसऱ्या बाजूस अथांग सागर अशा या बेटाला वळसा घालून एक जुना यात्रामार्ग जातो. या मार्गावर बौद्ध धर्माची ८८ मंदिरे आहेत आणि त्याची लांबी सुमारे १२०० किलोमीटर आहे. सारी वाट पायी चालणाऱ्यास चाळीस ते पन्नास दिवस लागतात.

ही यात्रा कूकाई या थोर आचार्यांच्या स्मरणार्थ केली जाते. ‘कूकाई’ म्हणजे आकाश आणि समुद्र. इ. स. ७७४ मध्ये त्यांचा जन्म याच बेटावर झाला. इ. स. ८०४ मध्ये ते विद्येच्या ओढीने चीनला गेले. तेथे त्यांनी हुइगुओ या आचार्यांकडून दीक्षा घेतली आणि प्रज्ञा नावाच्या एका भारतीय भिक्षूपाशीही अध्ययन केले. मायदेशी परतल्यावर त्यांनी शिंगोन पंथाची स्थापना केली. लोक त्यांना आदराने ‘कोबो दाइशी’ म्हणतात. यात्रेकरू अंगात पांढरा अंगरखा घालतो, डोक्यावर गवताची टोपी ठेवतो आणि हाती काठी घेतो. त्याच्या टोपीवर व काठीवर ‘सोबत दोघे’ अशा अर्थाची अक्षरे असतात. एकटा चालणारा यात्रेकरूही एकटा नसतो, दाइशी त्याच्याबरोबर चालत असतात, अशी तेथील श्रद्धा आहे.

एका शरद ऋतूत महाराष्ट्रातील एक गृहस्थ या यात्रेस निघाले. वय सत्तरीच्या घरात. पण शरीर काटक आणि स्वभाव मानी. पहिल्या मंदिराचे नाव ऱ्योझेनजी. भगवान बुद्धांनी जेथे उपदेश केला, त्या भारतातील गृध्रकूट पर्वतावरून हे नाव पडले आहे, हे कळताच त्यांना परक्या मुलखात कोणी आपले माणूस भेटल्यासारखे वाटले. मोठ्या उत्साहाने त्यांनी चालावयास आरंभ केला.

दुसऱ्या दिवशी ते योशिनो नदीच्या खोऱ्यातून चालले असता मागून हाक ऐकू आली. कमरेत वाकलेली एक वृद्धा शेताच्या बांधावरून लगबगीने येत होती. तिच्या ओंजळीत दोन लहान संत्री होती. ती तिने त्यांच्यापुढे धरली. गृहस्थांनी हसून मान हलवली आणि खिशातून नाणी काढून तिच्यापुढे केली. वृद्धेचा चेहरा उतरला. तिने नम्रपणे वाकून नमस्कार केला आणि संत्री तशीच घेऊन ती परत फिरली. जाताना मात्र तिची पावले फार हळू पडत होती.

असे त्यांनी का करावे? त्याला एक जुने कारण होते. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले होते. शिक्षणासाठी ते तालुक्याच्या गावी वार लावून जेवत असत. एके दिवशी एका घरी वाढणाऱ्याने चार पाहुण्यांदेखत म्हटले, “फुकटचे अन्न गोड लागते, नाही का रे?” पोटात भूक होती, म्हणून मुलाने मान खाली घालून पानातले सर्व संपवले. परंतु त्याच रात्री त्याने निश्चय केला, की यापुढे कोणाचे काहीही फुकट घ्यावयाचे नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने सारे वार सोडले आणि एका दुकानात हिशेब लिहून तो पोट भरू लागला. पुढे मोठेपणी त्यांनी अनेक गरीब विद्यार्थ्यांची फी भरली. दुसऱ्याला देताना त्यांनी हात कधी आखडला नाही. मात्र कोणाकडून काही घेण्यासाठी तो कधी पुढेही केला नाही.

बाराव्या मंदिराचा चढ फार कठीण. ‘यात्रेकरूंना गडगडवणारी वाट’ असेच तिला म्हणतात. तेथे त्यांना एक निवृत्त जपानी शिक्षक भेटले. त्यांना इंग्रजी येत असल्याने बोलणे सुरू झाले. मंदिरापासून खाली उतरताना वाटेत एक मूर्ती दिसली. दाइशींपुढे एक थकलेला पुरुष गुडघे टेकून बसला होता. शिक्षकांनी त्याची दंतकथा सांगितली. एमोन साबुरो नावाच्या धनिकाने दारी आलेल्या भिक्षूला हाकलून दिले व त्याचे भिक्षापात्र फोडले. तो भिक्षू म्हणजे दाइशीच होते, हे त्याला मागाहून उमगले. क्षमा मागण्यासाठी त्याने बेटाला वीस प्रदक्षिणा घातल्या, तरी भेट झाली नाही. एकविसाव्या वेळी तो उलट दिशेने निघाला आणि याच डोंगराच्या पायथ्याशी शेवटच्या क्षणी दाइशी त्याला भेटले.

“त्याने देण्याचे नाकारले,” गृहस्थ म्हणाले, “मी तर घेण्याचे नाकारले.” आणि त्यांनी संत्र्यांची हकीकत सांगितली.

शिक्षक क्षणभर थांबले. मग हळूच म्हणाले, “यात्रेकरूला असे काही देण्याच्या रीतीला आम्ही ‘ओसेत्ताई’ म्हणतो. त्या आजींना आता एवढे चालवत नसेल. त्यांची संत्री आपणाबरोबर चालली असती, तर त्यांचीही यात्रा घडली असती.”

त्या रात्री गृहस्थांना झोप आली नाही. त्यांना गुरुवारचे घर आठवले. त्या घरच्या आजी दर गुरुवारी दारात उभ्या राहून त्यांची वाट पाहत आणि गरम भाकरीवर तूप घालून वाढत. एका घरचा टोमणा मनात धरून त्यांनी साऱ्याच घरांकडे पाठ फिरवली होती. आजींचा निरोपसुद्धा घेतला नव्हता. पुढच्या गुरुवारी आजी दारात किती वेळ उभ्या राहिल्या असतील?

पुढे मुरोतोच्या भूशिराकडे जाताना समुद्रकाठी पावसाने गाठले. एका घरातून एक स्त्री बाहेर आली आणि तिने भाताचे दोन गोळे पुढे केले. गृहस्थांचा हात एकवार खिशाकडे गेला. पण तो त्यांनी मागे घेतला. दोन्ही हातांनी त्यांनी तो भात स्वीकारला आणि तेथील रिवाजाप्रमाणे आपल्या नावाची कागदी पट्टी तिला दिली. ती पट्टी कपाळाला लावून ती स्त्री प्रसन्नपणे हसली.

अशी पट्टी प्रत्येक मंदिरातही अर्पण करतात. तिच्यावर नाव, गाव आणि मनातील इच्छा लिहावयाची असते. आतापर्यंत गृहस्थांनी इच्छेची जागा मोकळीच सोडली होती. ओकुबोजी या ८८व्या मंदिरात मात्र त्यांनी लेखणी काढली आणि मराठीत चारच शब्द लिहिले : ‘गुरुवारच्या आजी, माफ करा.’