पाणी मोजले, पुढे काय?

१९ जुलै २०२० रोजी दिल्लीच्या मिंटो ब्रिजखाली साचलेल्या पाण्यात एका छोट्या मालवाहू गाडीचा चालक बुडून मरण पावला. २१ मे २०२३ रोजी बेंगळुरूच्या के. आर. सर्कल भुयारी मार्गात एका तरुणीचा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फरीदाबादच्या रेल्वे पुलाखाली बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांचा असाच अंत झाला. अशा घटनांनंतर ‘सेन्सर बसवणार’ हे वाक्य हमखास कानी येते. भौतिकशास्त्राची अभ्यासक असूनही मला त्याने फारसा दिलासा मिळत नाही. कारण पाणी मोजणे हा या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग आहे.

पुलाच्या छताला बसवलेला सेन्सर खाली श्राव्यातीत ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून पातळी काढतो. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. फेस आणि तरंगता कचरा थोडा घोळ घालतात. एवढेच.

खरी फसगत होते ती चालकाच्या डोळ्यांची. पाण्याचा पृष्ठभाग सपाट दिसतो, रस्ता मात्र त्याखाली उतरत गेलेला असतो. उतार २० मीटरला १ मीटर असेल, तर अवघ्या १० मीटरांत खोली अर्ध्या मीटरने वाढते, आणि गढूळ पाण्यात यातले काहीच कळत नाही. मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर धरा. तळाच्या वर १५ सेंटिमीटर पाणी चढले, की आत पाणी शिरेपर्यंत तिला टनभर वजन पेलणारे उत्प्लावक बल मिळते. लहान मोटार तरंगायला तेवढे पुरते. (आर्किमिडीजला वाहन परवाना विचारत नाहीत!)

घरी परतण्याच्या घाईत असलेला माणूस फलक वाचतो, भोंगा ऐकतो आणि पुढची गाडी गेली म्हणून आपलीही घालतो. म्हणून सेन्सरला जोडलेले फाटक हवे. मुसळधार पावसात वीज जाणारच. तेव्हा ते स्वतःच्या वजनाने खाली पडावे. बिघडलेला रेल्वे सिग्नल लाल व्हावा, अशी रचना आपण फार पूर्वीपासून करत आलो आहोत.

यातून फाटक कधी विनाकारणही पडेल, वाहतूक खोळंबेल. तिसऱ्या खेपेला कुणीतरी ते दोरीने वर बांधून ठेवेल, ही मला सर्वांत मोठी भीती वाटते. फाटक पाडायला कुणाची परवानगी लागू नये. उघडण्यापूर्वी मात्र जबाबदार माणसाने जागेवर जाऊन पाणी पाहिलेच पाहिजे. निविदेत सेन्सरची संख्या छापण्याआधी हे कलम मला वाचायला आवडेल.